मांजर सतत खाजवत असेल तर आधी पिसवा तपासा

तुमची मांजर सतत खाजवते, पण वाशीच्या फ्लॅटबाहेर कधीच जात नाही, असे तुम्ही प्रश्नात लिहिले आहे; मात्र म्हणून तिला पिसवा होणार नाहीत असे गृहीत धरू नका. त्या आपल्या कपड्यांवरूनही घरात येतात आणि पावसाळ्यातील दमट हवेत झपाट्याने वाढतात. शेपटीच्या बुंध्याशी किंवा मानेवर बोटांना बारीक खपल्या लागत असतील, तर तेथील केस पिसवांच्या फणीने विंचरून, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजेच पचलेले रक्त आहे. अ‍ॅलर्जी असलेल्या मांजरीला मोजके चावेही पुरतात आणि ती अंग चाटताना पिसवा गिळून टाकते, त्यामुळे एकही पिसू दिसली नाही तरी शंका सोडू नका.

औषधाबाबत माझा आग्रह आहे की, कुत्र्यांसाठीचे मानेवर टाकायचे औषध मांजरीला कधीही लावू नये, कारण त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असू शकते आणि ते तिच्या जिवावर बेतू शकते. टी ट्री तेल आणि डेटॉलही टाळावे. पशुवैद्यांनी दिलेले औषध घरातील सर्व कुत्र्यामांजरांना एकाच वेळी द्या आणि काही महिने चालू ठेवा, कारण गाद्या व फटींतील कोषांतून नव्या पिसवा निघत राहतात.

पिसवा आटोक्यात येऊनही खाज राहिली, तर अन्नाची अ‍ॅलर्जी आहे का हे पाहण्यासाठी आहाराची चाचणी करावी लागते, म्हणजे तिला फक्त पशुवैद्यांनी ठरवून दिलेलेच अन्न द्यायचे. ती किमान 8 आठवडे चालते आणि त्या काळात बोंबलाचा एक तुकडाही चालत नाही. केस गळून गोल चट्टे पडले असतील, तर मात्र थांबू नका: तो गजकर्ण असू शकतो आणि तो माणसांनाही होतो.