ताई, सातव्यांदा तेच पुस्तक वाचतोय

«ताई, वय 28. लातूर जिल्ह्यातलं गाव, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, राज्यसेवेचा पाचवा अटेम्प्ट. रात्री अभ्यासिकेतून आलो की मोबाईलवर 'व्हील ऑफ टाइम'चा पहिला भाग उघडतो आणि दोन-तीन वाजेपर्यंत वाचतो. कॉलेजला असताना सगळे 14 भाग वाचलेत, पण आता फक्त पहिला, तोही अर्धाच. मुलांची ताटातूट झाली की थांबतो आणि परत पहिल्या पानावर. सातवी वेळ आहे. नवीन काही वाचवतच नाही. रूममेट म्हणतो, 28 वर्षांचा घोडा झालास आणि जादूटोण्याची पुस्तकं वाचतोस. पेपरच्या आधी मी त्यातलं ज्योत आणि पोकळीवालं, मन रिकामं करायचं, करतो, हे त्याला सांगितलं तर अजून हसेल. बाबा रोज फोन करतात, 'जेवलास का' एवढंच विचारतात, मी हो म्हणून ठेवतो. हल्ली उचलतच नाही. मी पळपुटा आहे का? ॲप डिलीट करू का?»

अरे, ॲप डिलीट करू नकोस. बाकीचं सावकाश बोलू पण हे आधी सांगते, कारण रात्री तीन वाजता माणूस असले कडक निर्णय घेतो, आठवड्याभरात परत डाउनलोड करतो, आणि आधीच्या अपराधीपणावर अजून एक थर चढतो. तुझ्या डोक्यावर आधीच खूप आहे, त्यात ही भर नको.

ही सिरीज मी पण वाचलीय, पूर्ण, त्यामुळे तुझ्याशी त्यातलंच धरून बोलणार आहे. ज्यांनी वाचली नाही त्यांना दोन ओळीत सांगते. रॉबर्ट जॉर्डन नावाचा अमेरिकन लेखक, पहिला भाग 1990 चा. टू रिव्हर्स नावाच्या आडबाजूच्या मुलखातला रँड नावाचा मेंढपाळ पोरगा आणि त्याचे गावातले मित्र, एका रात्री गावावर हल्ला होतो, गाव सोडावं लागतं, वाटेत त्यांची ताटातूट होते आणि पुढे 14 भागांत हा पोरगा सगळ्या जगाचं ओझं खांद्यावर घेणारा माणूस होतो. जॉर्डन 2007 ला गेले तेव्हा सिरीज अर्धवट होती, मग त्यांची बायको हॅरिएट, जी त्यांची संपादकही होती, तिने ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडलं आणि त्याने जॉर्डनच्या नोट्स घेऊन शेवटचे तीन भाग लिहिले. शेवटचा जानेवारी 2013 मध्ये आला. 40 लाखांच्या वर शब्द आहेत सगळे मिळून.

आता तुझ्या रूममेटचं बोलू. माझ्या आजोळी चातुर्मासात देवळात पोथी लागायची, कधी हरिविजय, कधी पांडवप्रताप. श्रीधरस्वामींच्या पोथ्या, 1700 च्या आगेमागे लिहिलेल्या. अक्रूर रथ घेऊन येतो आणि कृष्ण मथुरेला निघतो तो भाग आला की समोरच्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. दर वर्षी. त्यातल्या कित्येकींना ओव्या पाठ होत्या, कंस मरणार हे माहीत, कृष्ण गोकुळात परत यायचा नाही हे पण माहीत, तरी रडायच्या आणि मग हलक्या होऊन घरी जाऊन पिठलं-भाकरी करायच्या. तुला गोष्ट माहीत आहे तर परत कशाला ऐकतेस असं माझ्या आजीला कधी कोणी विचारलं नाही. आपल्याकडे ह्याला शब्द आहे ना, पारायण. माहीत असलेलीच गोष्ट परत वाचायची, त्यासाठीच वाचायची. आणि बघ ना, हरिविजय तरी काय आहे, गुराख्याचं पोर, गाव सुटतं, आणि मग एकामागून एक जबाबदाऱ्या अंगावर येतात. मला तर कायम वाटत आलंय की आपण ही इंग्रजी फँटसी पुस्तकं इतक्या पटकन जवळ केली कारण त्यांचा घाट आपल्या कानाला आधीपासून ओळखीचा होता.

नवीन पुस्तक वाचवत नाही म्हणतोस ते पण ह्यातूनच कळतं. नव्या गोष्टीत पुढे काय होणार ही धाकधूक असते, आणि एरवी तीच तर मजा असते, पण तुझ्याकडे धाकधूक आधीच पोतंभर आहे, कट ऑफ किती लागेल, परीक्षा पुढे जाईल का, पॅटर्न बदलला त्याचं काय, दिवसभर तेच. रात्री डोक्याला अशी एक जागा लागते जिथे पुढच्या पानावर काय आहे ते माहीत आहे. ह्यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

पळपुटा हा शब्द वापरलास तू. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्किननी 1939 मध्ये स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्रूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिलं होतं, त्यात नेमकं हेच आहे. त्यांचं म्हणणं असं की तुरुंगातल्या माणसाला बाहेर पडून घरी जावंसं वाटलं, किंवा जाता येत नाही म्हणून तो भिंती आणि पहारेकरी सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलला, तर त्याला नावं का ठेवायची? कैद्याचं सुटणं आणि सैनिकाचं रण सोडून पळणं ह्या दोन गोष्टी लोक एकच समजतात. आता तू ह्यातला कोण? तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला वाटतं पुस्तकाच्या बाबतीत तू कैदीच आहेस, पळालेला नाहीस. पळणं दुसरीकडे चाललंय, त्याच्यावर येते मी.

आधी हे बोलू की अशाच गोष्टी का, म्हणजे वाढत्या वयाच्या पोराच्याच का. तुझ्या वयाची कितीतरी मुलं मला लिहितात आणि एक गोष्ट सगळ्यांत सारखी असते, वय वाढतंय पण मोठं होणं थांबलंय. 28 वर्षांचा आहेस आणि अजून 'काय करतोस' ह्याचं उत्तर 'अभ्यास' आहे. गावातले बरोबरीचे दुकानं टाकून बसले, लग्नं झाली, एकाचं पोरगं शाळेत जायला लागलं, आणि तू मेसच्या डब्यावर, घरून पैसे मागवत, तीच ठोकळा पुस्तकं पाचव्यांदा अधोरेखित करतोयस. अशा माणसाला अशी गोष्ट का नाही आवडणार जिच्यात पोरगा दर शंभर पानांनी थोडा थोडा मोठा होताना दिसतो? लॅन नावाचा योद्धा त्याला तलवार शिकवतो, आज चुकतो, पुढे कुठेतरी तीच तलवार कामाला येते. मोरेन नावाची बाई येते जिला जास्त कळतं, आणि ती ह्या खेडवळ पोरांकडे बघून म्हणते की तुमच्यात काहीतरी आहे, चला. कष्ट केले की कुठेतरी जमा होतात तिथे. तुझ्या परीक्षेत एका मार्काने वर्ष जातं आणि नेमकं काय कमी पडलं ते सांगायला कोणी नसतं. तेव्हा रात्री तू जादू वाचायला जातोस असं मला नाही वाटत बाबा, तू हिशोब लागतो अशा ठिकाणी जातोस.

पण तू थांबतोस ती जागा मला सतावतेय. ताटातूट झाली की मागे. म्हणजे तू जे परत परत वाचतोस त्यात काय काय येतं बघ, गाव, लांबलेला हिवाळा, सणाची तयारी, बापलेक गाडी घेऊन रानातून गावाकडे येतायत, खानावळ, फेरीवाला आला म्हणून पळणारी पोरं. मग हल्ल्याची रात्र. रँडचा बाप टॅम जखमी होतो, तापाने फणफणतो, आणि हा पोरगा काठ्या-घोंगडीची ओढगाडी करून बापाला अंधारातून रानातून ओढत गावापर्यंत नेतो. टॅम तापात बरळतो आणि त्यातून रँडला कळतं की आपण टॅमला लढाईच्या वेळी डोंगराच्या उतारावर बर्फात सापडलो होतो. आणि रँड हट्टाने स्वतःला सांगत राहतो की हाच माझा बाप. मी ही सिरीज पहिल्यांदा वाचली तेव्हा ह्या प्रकरणानंतर पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते.

तू हा प्रसंग सात वेळा वाचलायस. आणि घरी बापाचा फोन वाजतो तो उचलत नाहीस.

रागावत नाहीये. मला कळतंय का उचलत नाहीस. ते पैसे पाठवतात आणि तुझ्याकडे सांगायला काही नाही, म्हणून त्यांचा आवाज ऐकला की पोटात गोळा येतो. ते विचारतात फक्त 'जेवलास का', तुला ऐकू येतं 'झालास का पास'. पण त्यांनी ते विचारलेलं नाही रे. आपल्याकडच्या बापांना दुसरं काही विचारता येत नाही, बऱ्याच जणांना. माझ्या वडलांनी मला आयुष्यात कधी 'कशी आहेस' विचारलं नाही, बस मिळाली का, पोचलीस का, जेवलीस का, एवढंच, आणि आता ते नाहीत तर त्या तीन प्रश्नांसाठी जीव तुटतो.

ते ज्योत आणि पोकळीचं लिहिलंयस ना, मनातली सगळी भीती ज्योतीत टाकायची आणि रिकामं व्हायचं, ते रँडला कोणी शिकवलंय आठव. टॅमनेच, धनुष्यबाण चालवण्यासाठी. बापाने शिकवलेली गोष्ट घेऊन तू परीक्षेच्या हॉलमध्ये बसतोस. ह्यात हसण्यासारखं काहीच नाही, रूममेटला सांगू नको वाटलं तर नको सांगूस, पण स्वतःला हसू नकोस.

म्हणून माझं म्हणणं ऐक. पोथीचा एक नियम असतो, ती अर्धवट सोडत नाहीत, समाप्ती करतात. रोजचा नेमही ठरलेला असतो, एवढे अध्याय, मग पोथी बांधून ठेवायची. तू पारायण करतोयस तर नीट कर. रोज रात्री एक प्रकरण, फार तर दोन, साडेअकराला बंद. पहिल्या भागाची जुनी कॉपी कुठे मिळाली तर घे, मोबाईल उशाशी असला की एकाचं पाचावर कधी जातं ते कळत नाही. आणि ह्या वेळी ताटातूट झाली तरी पुढे जा. तुला माहीत आहे ते भेटतात परत. चौथ्या भागात रँडचा मित्र पेरिन गावाकडे परत येतो, घरी काय झालंय ते बघतो, आणि तिथेच खऱ्या अर्थाने उभा राहतो. मधले काही भाग संथ आहेत, तिथे भराभर पानं उलटलीस तरी चालेल. पण बाराव्यापर्यंत पोच. तिथे टॅम रँडला भेटायला येतो, बोलणं बिघडतं आणि रँडचा बापावर हात उठता उठता राहतो, जवळजवळ जीवच घेतो तो, आणि मग स्वतःलाच घाबरून पळतो, त्याच डोंगरावर जातो जिथे तो सापडला होता, आणि एवढं सगळं कशासाठी असं विचारत उभा राहतो. तिथे त्याला जे सापडतं ते मी इथे लिहिणार नाही, तू वाचलंयस, पण 20 वर्षांचा असताना वाचलंयस. आता 28 चा होऊन वाच. आणि तेरावा भाग, जिथे तो सगळ्यांसमोर टॅमच्या गळ्यात पडतो, तोपर्यंत जा.

हे व्हायला पाच-सहा महिने सहज जातील, जाऊ देत.

परीक्षेबद्दल तू काही विचारलं नाहीस, तरी बोलते. खुल्या गटाला वयाची मर्यादा 38 आहे म्हणून 38 पर्यंत थांबायचं असं कोणी लिहून दिलेलं नाही. हा अटेम्प्ट नीट दे, आणि त्याच्या निकालानंतर काय करणार ते आत्ताच कागदावर लिही, तारीख घालून. दुसरी एखादी परीक्षा, नोकरी, गावाकडे काही, जे असेल ते. निकालाच्या दिवशी ठरवायचं ठेवलंस तर त्या दिवशीचं मन ठरवेल, आणि त्या दिवशीच्या मनावर माझा अजिबात भरवसा नाही.

आणि झोप सुधारली नाही, जेवण जाईनासं झालं, सकाळी उठूच नये असं वाटायला लागलं, तर पुस्तकावर किंवा माझ्यावर अवलंबून राहू नकोस. 14416 वर फोन कर, टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हे तुला लागेलच असं नाही, पण नंबर सेव्ह करून ठेव, कदाचित शेजारच्या कॉटवरच्याला लागेल.

सगळं संपलं आणि नवीन काही वाचावंसं वाटलं तर उर्सुला ले ग्विनच्या अर्थसी नावाच्या सिरीजमधलं पहिलं पुस्तक घे, 1968 चं. पातळ आहे, चार रात्रीत होतं. गाँट नावाच्या बेटावरचा शेळ्या राखणारा पोरगा आहे, फार हुशार, आणि त्या हुशारीच्या तोऱ्यात तो एक सावली मोकळी सोडतो आणि मग आधी तिच्यापासून पळतो, नंतर तिच्या मागे जातो. ह्यात मोठं होणं म्हणजे ताकद मिळणं नाहीये. तुला आवडेल असं वाटतं, पण घाई नाही.

रविवारी दुपारी बाबांना फोन कर, त्यांचा यायच्या आधी. पहिल्याच फोनवर सगळं ओकायची गरज नाही. ते विचारतील 'जेवलास का', तेव्हा नुसतं हो म्हणू नकोस, काय जेवलास ते सांग, भाजी कुठली होती, पोळ्या कशा होत्या, आणि मग त्यांना विचार, तुम्ही काय जेवलात.

तुझी,
ताई