15 वर्षांच्या कमिला वालिएवावर चार वर्षांची बंदी, हे न्यायाला धरून होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रशियाची फिगर स्केटर (बर्फावर उड्या-गिरक्यांचा खेळ) वालिएवा, मुलगी 15 वर्षांची, लघवीत सापडलेलं औषध अगदी कणभर, तेही म्हणे आजोबांच्या हृदयाचं, मग चार वर्षांची बंदी हा अन्याय नाही का? आणि फिगर स्केटिंगसारख्या नजाकतीच्या खेळात असल्या गोळीने मिळतं तरी काय?

माझं सांगलीत औषधांचं दुकान आहे, 19 वर्षं झाली. तिच्या नमुन्यात सापडलेलं औषध, ट्रायमेटाझिडीन, माझ्या काउंटरवरून जवळजवळ रोज जातं. घेणारे अँजायनाचे पेशंट, म्हणजे जिना चढताना छातीत दुखून येतं ते. बहुतेक साठीच्या पुढचे. 35 मिलिग्रॅमची गोळी, सकाळ-संध्याकाळ, जेवणाबरोबर. फिगर स्केटिंग तर मी दुकान सुरू होण्याच्याही आधीपासून बघतेय. त्यामुळे फेब्रुवारी 2022 मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमधून बातमी आली तेव्हा औषधाचं नाव मी पुन्हा पुन्हा वाचलं. ही गोळी मी आजवर एकाही मुलासाठी दिलेली नाही. 18 वर्षांखाली ती देतच नाहीत. मोठ्यांनाही जपून द्यायची असते. काही पेशंटमध्ये हातापायांची थरथर, अंग ताठरणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं दिसली, म्हणून युरोपच्या औषध नियंत्रकांनी 2012 मध्ये तिच्यावर बंधनं आणली: फक्त अँजायनासाठी, आणि तीही जोडीचं औषध म्हणून.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेते. आपलं हृदय चरबीवरही चालतं आणि साखरेवरही. तेवढीच ऊर्जा मिळवायला चरबी जाळताना प्राणवायू जास्त लागतो. हे औषध चरबी जाळण्याची वाट थोडी अडवतं आणि पेशींना साखरेकडे वळवतं, म्हणजे कमी प्राणवायूत काम भागतं. पेशंटला हे हवंच असतं, कारण त्याच्या हृदयाला रक्त कमी पोहोचत असतं. धडधाकट खेळाडूला किती फायदा होतो, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. पण जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा, एखादं औषध बंदीच्या यादीत घालताना तीन गोष्टी बघते: कामगिरी वाढण्याची शक्यता, तब्येतीला धोका, आणि खेळाच्या वृत्तीला बाधा. तिन्हींतल्या दोन लागू पडल्या तरी पुरे. ट्रायमेटाझिडीन 2014 पासून यादीत आहे.

आणि स्केटिंग नाजूक आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी महिलांची फ्री स्केट, म्हणजे स्पर्धेचा दुसरा, लांब भाग, कधी घड्याळ लावून बघावी. चार मिनिटं, त्यात बीजिंगच्या वेळच्या नियमाप्रमाणे सात वेळा उडी किंवा उड्यांची जोडगोळी, मधे गिरक्या, आणि चेहऱ्यावर धाप दिसता कामा नये. शेवटच्या तीन उड्यांना दहा टक्के जादा गुण मिळतात, म्हणजे पाय जड झाल्यावर मारलेल्या उडीचं मोल जास्त. हवेत चार फेऱ्यांची क्वाड उडी तर सरावात शेकडो वेळा मारावी लागते. स्पर्धेच्या त्या चार मिनिटांपेक्षा वर्षभराच्या सरावात जी कमी थकते, तिची खरी चांदी. दमसासाचं औषध या खेळात निरुपयोगी आहे असं मला अजिबात वाटत नाही.

घटनाक्रम नीट ध्यानात घ्या, कारण सगळा घोळ तारखांमध्ये आहे. सेंट पीटर्सबर्गला रशियन राष्ट्रीय स्पर्धेत 25 डिसेंबर 2021 ला नमुना घेतला. तो तपासायला स्टॉकहोमला गेला. तिथे कोविडमुळे माणसं कमी होती, आणि वाडाचं म्हणणं असं की रशियाच्या उत्तेजकविरोधी संस्थेने नमुन्यावर 'तातडीचा' अशी खूणच केली नव्हती. निकाल आला 8 फेब्रुवारीला. तोवर बीजिंगमध्ये सांघिक स्पर्धा संपली होती. वालिएवाने त्यातले महिलांचे दोन्ही भाग जिंकले होते, ऑलिंपिकमध्ये क्वाड मारणारी पहिली महिला ठरली होती, आणि रशियन संघ 74 गुणांसह पहिला आला होता. अमेरिका 65, जपान 63, कॅनडा 53.

रशियाच्या संस्थेने तिला तात्पुरतं निलंबित केलं आणि दुसऱ्याच दिवशी निलंबन उठवलं. त्यावर अपील झालं. 14 फेब्रुवारीला क्रीडा लवादाने तिला वैयक्तिक स्पर्धेत उतरू दिलं. मुख्य कारण हे की 16 वर्षांखालची असल्याने ती नियमांत 'संरक्षित व्यक्ती' होती. निकाल उशिरा आला यात तिचा दोष नव्हता, हेही होतंच.

'संरक्षित' या शब्दावर मी आजही अडते. 15 वर्षांच्या पोरीच्या शरीरात हृदयविकाराचं औषध सापडतं, तेव्हा संरक्षण म्हणजे काय करायचं? माझ्या समजुतीप्रमाणे तिला हॉटेलच्या खोलीत आईजवळ पोहोचवायचं, एखाद्या त्रयस्थ डॉक्टरकडून तपासायचं, आणि तिच्या भोवतीच्या मोठ्या माणसांना एकेक करून समोर बसवायचं. प्रत्यक्षात संरक्षण म्हणून तिला सगळ्या जगाच्या कॅमेऱ्यांसमोर बर्फावर सोडलं. वर ऑलिंपिक समितीने आधीच जाहीर केलं की ती पहिल्या तिघींत आली तर पदकसमारंभ होणार नाही.

15 तारखेला शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे पहिल्या, छोट्या भागात, ट्रिपल अॅक्सलवर (साडेतीन फेऱ्यांची उडी) अडखळूनही ती पहिली होती. 17 तारखेची फ्री स्केट मी दुकानातच मोबाइलवर पाहिली. ती पडली, उठली, पुन्हा पडली. जी मुलगी त्या हंगामात कोणाला हरत नव्हती ती चौथी आली. बर्फावरून बाहेर आल्याआल्या प्रशिक्षक एतेरी तुतबेरिझे यांनी तिला विचारलं, की तू सोडून का दिलंस, झुंजणं का थांबवलंस. ऑलिंपिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस बाख यांनी दुसऱ्या दिवशी त्या थंडपणाबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. गोळ्या घेणारं एखादं गिऱ्हाईक समोर उभं असताना मी फोन कधी बघत नाही. त्या दिवशी बघत राहिले.

बंदी मात्र बरोबर होती, असं माझं मत आहे. डोपिंगच्या नियमात शरीरात सापडलं की उत्तर खेळाडूने द्यायचं. ते कसं आलं हे पटवून देण्याचा भार तिच्यावर असतो. तिच्या बाजूने सांगितलं गेलं ते असं: आजोबा हे औषध घेतात, त्यांनी चिरायच्या ज्या पाटावर गोळ्या कुटल्या त्यावरच तिच्यासाठी स्ट्रॉबेरीचं गोड केलं. नमुन्यात प्रमाण होतं मिलिलिटरला 2.1 नॅनोग्रॅम, खरंच फार कमी. पण एवढ्याशा आकड्यावरून दोन अगदी वेगळ्या गोष्टी संभवतात. काल चुकून कण पोटात गेला असेल, किंवा काही दिवसांपूर्वी पूर्ण डोस घेऊन तो आता शरीरातून संपत आला असेल. आकडा स्वतः काही सांगत नाही. म्हणून पुरावा लागतो, आणि तो लवादाला पुरेसा वाटला नाही.

पुरावा कसा असतो याचंही उदाहरण आहे, आणि तेही याच औषधाचं. ऑगस्ट 2024 मध्ये टेनिसपटू इगा श्विऑन्तेकच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडीन निघालं. तेव्हा ती जगात पहिल्या क्रमांकावर होती. झोपेसाठी ती घेत असलेल्या पोलंडमधल्या मेलाटोनिनच्या गोळ्या तपासल्या, त्यांतच भेसळ सापडली, आणि तिला एका महिन्याची बंदी झाली. कुठून आलं हे प्रयोगशाळेत दाखवता आलं, एवढाच दोघींच्या प्रकरणांतला फरक, आणि तो फार मोठा आहे. वालिएवाच्या नमुन्यात हायपोक्सेन आणि एल-कार्निटिनही होतं. दोन्ही बंदी नसलेली, पण दोन्ही दमसासासाठीच घेतली जाणारी. आजोबांचा पाट या जोडीचं उत्तर देत नाही.

रशियाच्या शिस्तभंग समितीने तिचा काहीच दोष नाही असं म्हणून फक्त 25 डिसेंबरचा निकाल रद्द केला होता. वाडाने त्यावर अपील केलं. 29 जानेवारी 2024 ला लवादाने चार वर्षांची बंदी घातली, 25 डिसेंबर 2021 पासून मोजून, आणि तेव्हापासूनचे सगळे निकाल रद्द केले. जाणीवपूर्वक घेतलं नाही हे सिद्ध करता आलं नाही, तर अल्पवयीनाला वेगळं मोजायला नियमांत आधार नाही, असं लवादाचं म्हणणं. कठोर आहे, कबूल. पण वय पाहून शिक्षा कमी व्हायला लागली, तर संघवाले उद्या मुद्दाम लहान मुलींनाच पुढे करतील. त्यांचं शरीर हलकं, हवेत फिरणं सोपं, आणि पकडल्या गेल्या तर शिक्षाही हलकी!

याच प्रकरणाच्या सुनावणीतून बाहेर आलं की 13 ते 15 या वयात तिला 56 वेगवेगळी औषधं आणि पूरकं दिली गेली होती. छप्पन्न! माझ्याकडे सत्तरीचे, मधुमेह, रक्तदाब, हृदय असे तिन्ही असलेले पेशंट येतात. त्यांच्या पिशवीत आठ-नऊ पट्ट्या असल्या तरी मी डॉक्टरांना फोन करून विचारते, की यातलं काही कमी करता येईल का. एवढी यादी 13 वर्षांची पोर स्वतः ठरवत नाही. ट्रायमेटाझिडीन कोणी दिलं हे सिद्ध झालेलं नाही, म्हणून मी कोणाकडे बोट दाखवणार नाही. पण या प्रकरणात एकाही मोठ्या माणसावर बंदी आली नाही. तुम्ही अन्याय शोधत असाल तर मला तो इथे दिसतो.

दुसरा अन्याय ज्यांच्यावर झाला त्यांची चर्चा आपल्याकडे जवळजवळ झालीच नाही. अमेरिकेचा व्हिन्सेंट झू सांघिक स्पर्धेत खेळला आणि लगेच कोविड पॉझिटिव्ह निघाला. त्याची वैयक्तिक स्पर्धा गेली, समारोप गेला. जे एकमेव पदक मिळणार होतं त्याचा समारंभ रद्द. बीजिंगहून तो रिकाम्या हाताने परतला. ती पदकं अमेरिका आणि जपानच्या खेळाडूंना मिळाली 7 ऑगस्ट 2024 ला, पॅरिसमध्ये, उन्हाळी ऑलिंपिक चालू असताना. हिवाळी खेळाचं पदक, अडीच वर्षांनी, आयफेल टॉवरसमोर. काही जणांनी तोवर स्पर्धा सोडूनही दिल्या होत्या.

आणि कॅनडा? ही गोष्ट कागद-पेन घेऊनच समजते. वालिएवाचे 20 गुण वजा केल्यावर रशियन संघाचे 54 उरले. अमेरिका 65, जपान 63, म्हणून सुवर्ण आणि रौप्य त्यांना, रशियाला कांस्य, कॅनडा 53 वर, चौथाच. आता बघा: सांघिक स्पर्धेत पहिल्याला 10, दुसऱ्याला 9, तिसऱ्याला 8 असे गुण असतात. कॅनडाची मॅडलिन शिझस शॉर्ट आणि फ्री दोन्हींत तिसरी होती. वालिएवाचं नाव काढलं तर ती दोन्हींत दुसरी, म्हणजे एकेक गुण जास्त. 53 चे 55 होतात, रशियाच्या पुढे. पण आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने खालच्यांना वर सरकवलंच नाही. कॅनडाने लवादाकडे दाद मागितली, ती 2 ऑगस्ट 2024 ला फेटाळली गेली. नियमाची वाट जी असेल ती असो. अपात्र ठरलेल्या खेळाडूची जागा रिकामी ठेवायची आणि तिचा लाभ तिच्याच संघाला होऊ द्यायचा, हे मला कोणी कितीही समजावलं तरी पटणार नाही.

एक चांगली गोष्ट झाली. जून 2022 मध्ये संघटनेने वरिष्ठ गटाचं किमान वय 15 वरून टप्प्याटप्प्याने 17 केलं. 100 मतं बाजूने, 16 विरोधात. क्वाड कमी होतील अशी ओरड झाली, झाल्याही असतील. पण बीजिंगमध्ये कांस्य जिंकणारी काओरी साकामोतो तेव्हा 21 वर्षांची होती, तिच्याकडे ना क्वाड ना ट्रिपल अॅक्सल, आणि त्यानंतर ती सलग तीन वर्षं विश्वविजेती झाली. 16 व्या वर्षी बीजिंगला खेळून निवृत्त झालेली अलिसा लिऊ परत आली आणि 2025 मध्ये 19 व्या वर्षी विश्वविजेती झाली. तिला बर्फावर हसताना बघितलं की या खेळात मुलींना मोठं होऊ दिलं तर काय बघायला मिळतं ते कळतं.

वालिएवाची बंदी 25 डिसेंबर 2025 ला संपली. तिच्यासारखे हात आणि तिच्यासारखी वळणं मी दुसऱ्या कोणाची पाहिलेली नाहीत, हे बंदीचं समर्थन करतानाही सांगते. ती मोठ्या स्पर्धेत पुन्हा उतरली तर मी रात्र जागून बघेन. फक्त कॅमेरा कठड्याकडे वळेल तेव्हा तिची बाटली हातात धरून कोण उभं आहे, हे आधी बघेन.