टार्डिग्रेड खरंच मरत नाही का, आणि घरी वाळवून परत जागा करता येईल का?

दोन गोष्टी विचारल्या आहेत. उकळतं पाणी, बर्फ, अंतराळ, कशानेही टार्डिग्रेड मरत नाही हे खरं का? आणि आठवीतल्या मुलीच्या विज्ञान प्रकल्पासाठी तो घरी शोधून, वाळवून, परत जागा करून दाखवता येईल का? दुसऱ्याचं उत्तर हो. पहिल्याचं उत्तर, प्रश्न जसा विचारलाय तसा, नाही.

पाण्यात चालता-फिरता टार्डिग्रेड (पाणअस्वल म्हणा हवं तर) हा नाजूक जीव आहे. लांबी बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आत, शरीरात जेमतेम हजारभर पेशी, नखं असलेले आठ पाय, आणि तोंडात सुईसारख्या दोन शलाका. त्या शैवालाच्या किंवा मॉसच्या पेशीत खुपसून तो आतला रस ओढतो. काही जाती इतर सूक्ष्म प्राणी खातात. श्वसनाचा वेगळा अवयव नाही, ऑक्सिजन त्वचेतूनच आत येतो. रामाझोटियस व्हेरिऑर्नेटस ही अत्यंत चिवट समजली जाणारी जात. २०२० साली तिचा उष्णतेचा कस लावला, तेव्हा चोवीस तास ३७.१ अंश सेल्सियसला ठेवलेल्या ओल्या, जाग्या प्राण्यांपैकी निम्मे मेले. तेच प्राणी वाळलेले असताना निम्मे मारायला एक तास ८२.७ अंश लागले. वाळलेल्या अवस्थेतही वेळ वाढवून चोवीस तास केला की हा आकडा ६३.१ अंशांवर येतो. १५० अंशांचा जो आकडा सगळीकडे फिरतो, तो १९२० च्या दशकातल्या प्रयोगांतला आहे, वाळलेल्या प्राण्यांचा आणि काही मिनिटांपुरता.

म्हणून कुठलाही विक्रम वाचला की आधी एकच गोष्ट बघा: प्राणी ओला होता की वाळलेला? उत्तर बहुतेक वेळा 'वाळलेला' असंच निघतं.

वाळताना तो पाय आणि डोकं आत ओढून घेतो, अंग आखडतं आणि छोट्या पिंपासारखा गोळा होतो. शरीरातलं पाणी दोन-तीन टक्क्यांवर येतं, चयापचय मोजता येणार नाही इतका मंदावतो. पण हे पिंप आपोआप बनत नाही. त्यासाठी स्नायू आखडावे लागतात, म्हणजे ऊर्जा लागते, आणि पेशींना रक्षक प्रथिनं तयार ठेवायला वेळ लागतो. पाणी जाईल तशी ही प्रथिनं जेलसारखी घट्ट होतात आणि पेशीतल्या नाजूक रचना जागच्या जागी धरून ठेवतात. पूर्वी याचं श्रेय ट्रेहॅलोज नावाच्या साखरेला दिलं जायचं. टार्डिग्रेडच्या बऱ्याच जातींत ती नगण्य असते, आणि २०१७ मध्ये या प्रथिनांचं काम दाखवलं गेल्यावर ते स्पष्टीकरण मागे पडलं. प्रकल्पाच्या तक्त्यावर ट्रेहॅलोज लिहिणार असाल तर एवढं तपासून घ्या.

किरणोत्सर्गाची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे ओले टार्डिग्रेडही दणकट निघतात. माणसाला पाच ग्रेच्या (ग्रे म्हणजे शरीरात शोषलेल्या किरणोत्सर्गाचं एकक) आसपासचा डोस प्राणघातक असतो, काही टार्डिग्रेड जाती हजारो ग्रे सोसतात. रामाझोटियसमध्ये डीएसअप हे प्रथिन डीएनएला बिलगून राहतं. २०१६ मध्ये ते माणसाच्या पेशींत घातलं, तेव्हा क्ष-किरणांनी होणारी डीएनएची मोडतोड सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. आपल्याकडचा शोधही तितकाच सुंदर आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात, काँक्रीटच्या भिंतीवरच्या मॉसमध्ये पॅरामॅक्रोबायोटस या टार्डिग्रेडचा एक प्रकार सापडला. जंतुनाशक अतिनील दिव्याखाली हिप्सिबियस हे दुसरे टार्डिग्रेड मेले, हा जगला. त्याच्या अंगातलं रंगद्रव्य अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतं. मुलीच्या तक्त्यावर हे उदाहरण जरूर घ्या. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा त्यांच्या प्रयोगांमध्येही टार्डिग्रेड होते.

अंतराळाचा मूळ प्रयोग सप्टेंबर २००७ चा, फोटॉन-एम३ या यानावरचा. वाळलेले प्राणी दहा दिवस उघड्या निर्वातात ठेवले. नुसतं निर्वात त्यांनी चांगलं सोसलं. सूर्याचे अतिनील किरणही थेट पडले तेव्हा मोजकेच वाचले. म्हणजे 'अंतराळात जगतो' असं नव्हे, 'वाळलेल्या अवस्थेत तिथून परत येऊ शकतो' असं लिहा. तिथे तो खात नाही, वाढत नाही, अंडी घालत नाही. दीर्घ झोपेचा भक्कम पुरावा अंटार्क्टिकाच्या मॉसचा आहे: १९८३ मध्ये गोळा करून उणे २० अंशांना ठेवलेल्या मॉसमधले प्राणी २०१४ मध्ये जागे झाले आणि त्यांच्यापासून पुढची पिढीही झाली. वाळलेल्या मॉसमधला प्राणी १२० वर्षांनी जागा झाला, हा दावा सोडून द्या. तिथे एका पायाची हालचाल तेवढी दिसली होती, प्राणी काही उठून चालला नाही.

आता शोधायचं कसं. मॉस म्हणजे भिंतीवर, कौलावर, झाडाच्या सालीवर गादीसारखं वाढतं ते. डबक्यातलं निसरडं शेवाळ नव्हे. पावसाळ्यानंतर पूर्ण वाळलेलं, उन्हात तपकिरी पडलेलं मॉस सगळ्यात चांगलं, कारण वारंवार ओलं-सुकं होणाऱ्या जागी इतर भक्षक कमी टिकतात. दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा कागदी पाकिटात आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलं मॉस कोंडलं की ते कुजतं आणि प्राणी गुदमरतात. तुकडा उलटा करून बशीत ठेवा आणि बुडेल इतकं पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घाला. नळाचं क्लोरीनचं पाणी नको. चार तासांपासून रात्रभरापर्यंत ठेवा, मग मॉस त्याच बशीत पिळून काढून टाका आणि पाणी दहा मिनिटं स्थिर होऊ द्या. टार्डिग्रेडला पोहता येत नाही, तो तळाशीच सापडतो. २० ते ४० पट मोठं दाखवणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक, खाली काळा कागद, आणि प्रकाश बाजूने तिरपा. वरून सरळ प्रकाश टाकला तर पारदर्शक प्राणी दिसतच नाही. सापासारखं वळवळतं ते सूत्रकृमी, जळवेसारखं लांब-आखूड होत सरकतं ते रोटिफर. पाय मारत धडपडतो तो आपला.

पहिला तुकडा रिकामा निघाला तर वेगवेगळ्या जागांचे पाच-सहा तरी बघा. फुगलेला, ताठ, पाय पसरलेला प्राणी दिसला तर मेला म्हणून टाकू नका. ऑक्सिजन कमी पडला की तो असा होतो. ताज्या, उथळ पाण्यात काही तास ठेवा, बरेचदा सावरतो. मात्र अशा प्राण्याला त्याच दिवशी वाळवायला घेऊ नका, पिंप करण्याची ताकद त्याच्यात उरलेली नसते.

वाळवण्यातच बहुतेकांचा प्रयोग फसतो. काचपट्टीवर थेंबात ठेवून पंख्याखाली वाळवलं तर प्राणी चपटा होतो आणि पाणी घातल्यावर फक्त फुगतो, उठत नाही. वाळणं सावकाश हवं. हवाबंद डब्याच्या तळाशी पोटॅशियम सल्फेटचं संपृक्त द्रावण ठेवा. शेतीच्या दुकानात ०:०:५० नावाचं खत मिळतं ते हेच. तळाशी न विरघळलेले कण दिसायलाच हवेत, तरच आतली आर्द्रता ९७ टक्क्यांच्या आसपास राहते. दहा-पंधरा प्राणी ड्रॉपरने ओल्या फिल्टर पेपरवर घ्या, जादा पाणी टिपा आणि पेपर द्रावणाला न टेकेल असा उंचावर ठेवा. एक दिवस तिथे, मग एक दिवस मिठाच्या संपृक्त द्रावणावर (आर्द्रता ७५ टक्के), त्यानंतर उघड्यावर. सोबत दुसरा गट थेट काचेवर वाळवा, तुलनेशिवाय प्रयोगाला अर्थ नाही. वेळ कमी असेल तर अख्खा मॉसचा तुकडा सावलीत चार-पाच दिवस वाळू द्या. मॉस स्वतःच पाणी धरून हळूहळू सोडतं, तेच त्याचं घरचं वाळवणयंत्र.

आठवड्याने पाण्याचे दोन-तीन थेंब घाला. पहिली हालचाल दहा-पंधरा मिनिटांत दिसू शकते, कधी काही तास लागतात. जितका जास्त काळ वाळलेला, तितका उशीर. एका तासाने आणि चोवीस तासांनी मोजणी करा. नुसता पाय हललेला नव्हे, चालू लागलेला प्राणीच जिवंत धरा.