जुन्या कॉम्प्युटरवरच्या फायली नव्या लॅपटॉपवर कशा न्यायच्या?
सांगलीतल्या दुकानाचा हिशेब आणि मराठी पत्रं जुन्या विंडोज ७ वर आहेत म्हणालात. एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, सगळ्यात सोपं. पेन ड्राइव्ह फॅट३२ (ड्राइव्हवर फायली साठवायची जुनी पद्धत) असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर जातच नाही. तो एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करावा लागतो, आणि त्यात आधीचं सगळं पुसलं जातं.

हिशेबाचं फोल्डर नुसतं कॉपी करू नका, त्या सॉफ्टवेअरमधूनच बॅकअप घ्या.

पत्रं श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली असतील तर तो फॉन्टही सोबत न्या. नाहीतर नव्या लॅपटॉपवर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसेल. माझ्या वडिलांची पत्रं अशीच दिसली तेव्हा पोटात गोळा आला होता. फॉन्ट टाकल्यावर जशीच्या तशी आली. डेस्कटॉपवरच्या फायली विसरू नका, आणि महिनाभर तरी जुनं मशीन भंगारात देऊ नका.