एचसी-एसआर५०१ हा मोशन सेन्सर (हालचाल ओळखणारा) आर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डला जोडला आहे. त्याचे आउटपुट ३.३ व्होल्टच मिळते, ते कमी पडत असेल का? दिवा चालू-बंद करणारा रिले (विजेने चालणारा स्विच) बंद झाला की समोर कोणी नसताना पुन्हा चालू होतो. कोडमध्ये काय बदलावे? ‘तीन वेळा वाचून खात्री करणारा कोड’ लिहावा असे एकाने सुचवले आहे.

दोष बहुधा कोडमध्ये नाही. एचसी-एसआर५०१ सेन्सर आर्डुइनो उनोला आपण बरोबर जोडला आहे, आणि आउटपुट ३.३ व्होल्टच मिळते ही आपली शंकाही अनाठायी आहे. पाच व्होल्टवर चालणारा उनो तेवढा संकेत ‘हाय’ (म्हणजे ‘चालू’) म्हणूनच वाचतो. मी उत्तर लिहायला बसलो ते आपल्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीमुळे. ‘तीन वेळा वाचून खात्री करणारा कोड’ लिहावा असे आपल्याला कोणीतरी सुचवले आहे. नेमके हेच आमच्या साडूंनी मला सुचवले होते.

नागपुरातील आमच्या इमारतीच्या जिन्यात मी असाच दिवा बसवला, आणि तो विझला की लगेच पुन्हा लागू लागला. साडू सॉफ्टवेअरमधले असल्यामुळे त्यांनी संकेत तीनदा वाचून मगच रिले चालू करणारा कोड मोठ्या उत्साहाने लिहून दिला. या सेन्सरवरील बीआयएसएस०००१ ही चिप हालचाल एकदा जाणवली की प्रीसेटने (बोर्डवरील फिरवायच्या छोट्या स्क्रूने) ठरवलेला वेळ, म्हणजे सुमारे तीन सेकंदांपासून पाच मिनिटांपर्यंत, आउटपुट ‘हाय’ धरून ठेवते. त्या अवधीत आपण तीनदा वाचा किंवा तीनशे वेळा वाचा, उत्तर तेच येणार. हे मी कागदावर आकृती काढून दाखवले, तरी त्यांना पटले नाही.

दोष दोन ठिकाणी होता. रिलेची कॉइल (त्याला चालवणारे तारेचे वेटोळे) आणि सेन्सर एकाच पाच व्होल्टवर असल्याने रिले सुटताना पुरवठ्याला धक्का बसे, आणि अतिशय क्षीण संकेत कित्येक पटींनी वाढवणारा सेन्सर त्या धक्क्यालाच हालचाल समजे. शिवाय जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब सेन्सरच्या थेट समोर होता. तो विझल्यावर थंड होऊ लागे आणि उष्णतेतील तो बदलही सेन्सरला दिसे. मी रिलेला वेगळा अडॅप्टर दिला, ग्राउंड (ऋण टोक) सामाईक ठेवला, सेन्सरच्या पिनांजवळ पुरवठा स्थिर ठेवणारा १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, बल्ब काढून एलईडी बसवला आणि सेन्सर अशा कोपऱ्यात हलवला की माणूस त्याच्याकडे चालत न येता त्याच्यासमोरून आडवा जाईल, कारण आडवी हालचाल त्याला अधिक चांगली कळते. दिवा सुधारला. साडूंनी मात्र त्याच संध्याकाळी आपला कोड चढवला होता, त्यामुळे श्रेय त्यांनी घेतले. मी त्यांच्यासमोर तो काढून पूर्वीचा साधा कोड पुन्हा चढवला आणि दिवा तसाच नीट चालला, तेव्हा ते ‘योगायोग’ म्हणाले.

मे महिना आला आणि संध्याकाळी माणूस जिन्यात असूनही दिवा लागेना. साडूंनी ‘कोड काढल्याचा परिणाम’ असे जाहीर केले. वस्तुतः हा सेन्सर शरीर आणि पार्श्वभूमी यांच्या उष्णतेतील फरक पाहतो, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तापलेली भिंत त्वचेच्या तापमानाजवळ पोहोचली की तो फरकच उरत नाही. यावर कोणता कोड लिहिणार?

तेव्हा आपण प्रथम रिले पूर्णपणे काढून, फक्त बोर्डवरील तेरा क्रमांकाच्या पिनचा एलईडी वापरून पाहावे. तरीही तो आपोआप लागत असेल तर पंखा, खिडकीतील ऊन किंवा जवळचा वायफाय राउटर यांचा संशय घ्यावा. वेळेचा प्रीसेट चाचणीपुरता सर्वांत कमीवर ठेवावा. वीज दिल्यानंतरचे पहिले मिनिटभर सेन्सर मनाला येईल तसे संकेत देतो, ते मोजू नयेत. आपला कोड मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्यात दुसरी एखादी चूक असणे अशक्य नाही, हेही मान्य करतो. पण तीनदा वाचण्याचा भाग असेल तर तो काढावा, आणि ज्यांनी सुचवला त्यांना बीआयएसएस०००१ची डेटाशीट (तांत्रिक माहितीपत्रक) पाठवावी. रिलेच्या पलीकडील २३० व्होल्टची जोडणी मात्र वायरमनकडूनच करून घ्यावी. माझ्याकडेही ती वायरमननेच केली, आणि त्या एका बाबतीत साडूंचे व माझे एकमत होते.