मुंबईतले इंडी बँड लोकसंगीत करतात म्हणजे नेमकं काय करतात? सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा आहे की मुंबईतले स्वतंत्र बँड अभंग, कोळीगीतं, पोवाडे गिटार-ड्रम्सवर घेतात तेव्हा त्यात लोकसंगीत कितपत उरतं, आणि नव्या माणसाने काय ऐकावं. मी ढोलकी वाजवतो आणि अशा बँडांच्या साथीला बसतो, त्यामुळे आतून जे दिसतं ते सांगतो.

उरतं, पण सगळ्यांत नाही. गाण्याचा पाया कशावर घातलाय ते बघायचं. बरेच जण आधी कॉर्ड, बेस, ड्रम्स असं सगळं बसवून घेतात आणि शेवटी वरून कोथिंबीर भुरभुरावी तसं थोडं संबळ टाकतात. ते संबळ काढून टाकलं तरी गाण्याला काही होत नाही. मला अशी गाणी ऐकवत नाहीत, कारण संबळ वाजवणारा माणूस त्याचं आख्खं आयुष्य त्या हातात घेऊन स्टुडिओत आलेला असतो.

उलट 'अभंग रिपोस्ट' हा बँड ऐका. तुकोबा-नामदेवांचे अभंग ते रॉक, फंक, रेगेच्या अंगाने गातात आणि शब्द कुठे मोडत नाही. यात अभंगाच्या घडणीचाही हात आहे. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं, भजनी ठेका आठ मात्रांचा. रॉकच्या चार-चारच्या ठोक्यावर तो आपसूक बसतो. अडचण पुढे येते. भजनात लय चढत जाते, टाळ-पखवाज शेवटाकडे धावायला लागतात आणि मंडळी उभी राहतात. स्टुडिओत मात्र कानात क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारा यंत्राचा ठोका, चालू असतो, लय जागची हलत नाही. म्हणून हे गाणं प्रत्यक्ष ऐकायला जा. क्लिक बंद करून वाजवणारा बँड आणि क्लिकवर वाजवणारा बँड यातला फरक तुम्हाला दुसऱ्या कडव्यातच कळेल.

कोळीगीताचं वेगळं आहे. त्याचं अंग बहुतेकदा सहा मात्रांचं, झुलतं. ते चारात कोंबलं की होडी जाते आणि मिरवणूक उरते. मिरवणुकीतली बँजो पार्टीही मुंबईचीच आणि मला ती फार आवडते, पण ती वेगळी चीज आहे.

आणखी एक भांडण पट्टीचं. उघड्यावर, माइक नसताना गाऊन घडलेला गळा उंच लागतो. गिटारवाल्याला मोकळ्या तारा वाजाव्यात म्हणून ई किंवा ए हा सूर हवा असतो. समजूतदार गिटारवादक मुकाट कॅपो, म्हणजे तारा दाबून पट्टी वर नेणारा चिमटा, चढवतो. जिथे गायकाला खाली ओढलं जातं तिथे गळ्यातली धार जाते आणि गाणं गोड होऊन बसतं.

पाया लोकांचा असला की काय होतं, हे ऐकायचं असेल तर 'स्वदेसी' या हिपहॉप मंडळींचं 2019 सालचं 'द वारली रिव्होल्ट' ऐका. आरेच्या जंगलातल्या पाड्यातले प्रकाश भोईर त्यात गातात. गाणं त्यांच्याच जमिनीबद्दल आहे, त्यामुळे रॅप त्यांच्या आवाजाभोवती उभा राहतो. तो आवाज काढला तर गाणंच उरणार नाही.

हे मिश्रण परदेशी इंडी ऐकून सुचलं असं काही लोक म्हणतात, ते मला मान्य नाही. गिरणगावात कोकणातली, देशावरची, घाटावरची माणसं एका चाळीत राहिली. कोकणातला जाखडी नाच, तमाशा, भजन एकमेकांच्या कानावर पडत राहिलं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक काढलं. तमाशाचा साचा घेऊन त्यांनी त्यात संप, भाकरी आणि मुंबई भरली. लोकांचा साचा आणि आजचा विषय, स्वतंत्र संगीत याहून वेगळं काय असतं? पुढे 2007 मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये 'ब्लूफ्रॉग' हे लाइव्ह संगीताचं ठिकाण उघडलं, 2016 मध्ये ते बंद झालं. मधल्या काळात शहरातल्या कितीतरी बँडांना पहिला नीट आवाजाचा मंच मिळाला तो त्याच गिरणगावात. तिथे वाजवणाऱ्या पोरांना आधीच्या शाहिरांची नावं कुणी सांगितली असती तर फार बरं झालं असतं.

श्रेयनामावलीही वाचत जा. तुकोबांचे शब्द कुणाच्याही मालकीचे नाहीत, कारण आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो. पण संगीतकार श्रीनिवास खळ्यांनी त्या अभंगांना बांधलेली चाल मोकळी नाही, ते 2011 मध्ये गेले. अनेक नवे बँड ही चाल आणि ते शब्द एकच समजतात. आणि जिथे नुसतं 'पारंपरिक' लिहिलेलं असतं तिथे बघा, ज्या बाईकडून ओवी ऐकली तिचं नाव कुठे आहे का. ते नसेल तर मला तो बँड कितीही चांगला वाजवत असला तरी खटकतो.

आता सुरुवात. हिंदी चालत असेल तर 'नीरज आर्यज कबीर कॅफे' हा बँड सगळ्यात सोपं दार आहे: कबीर, त्याला मँडोलिन आणि कर्नाटकी वळणाचं व्हायोलिन. मग 'अभंग रिपोस्ट', मग 'स्वदेसी'. सोबत मूळही ऐका, म्हणजे वेसावकर आणि मंडळींची कोळीगीतं, शाहीर अमर शेखांचा आवाज, आणि जमलं तर सकाळच्या लोकलमधलं भजनी मंडळ. तुमचा ओढा अभंगाकडे आहे की कोळीगीतांकडे ते खाली लिहा, म्हणजे नेमकी गाणी सुचवतो.