विहिरीच्या दगडातला शंख: फायसा की आणखी काही?

तुमचे तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. वर्धा जिल्ह्यात वावरात विहीर खोदताना काळ्या पाषाणाखाली राखाडी, कडक दगडाचा थर लागला आणि त्याच्या एका चिपेवर नखाएवढा पांढरट शंख निघाला, असं तुम्ही लिहिलंय. आजी म्हणते शाळिग्राम, चुलतभाऊ म्हणतो इथे समुद्र होता, आणि तुम्हाला नाव, वय आणि किंमत हवी आहे.

माझ्या मते ही फायसा आहे, म्हणजे गोड्या पाण्यातली गोगलगाय. नागपूर, वर्धा, यवतमाळ आणि पलीकडे छिंदवाड्यापर्यंतच्या पट्ट्यात ती अशाच दगडात सापडते. जुन्या पुस्तकांत ‘फायसा प्रिन्सेपाय’ असं नाव मिळेल, नव्या लिखाणात ‘प्लॅटिफायसा’. पण नुसत्या फोटोवरून मी शिक्का मारणार नाही, कारण खरी खूण तुम्हालाच तपासायची आहे.

चीप हातात धरा. शंखाचं निमुळतं टोक वर आणि तोंड, म्हणजे शेवटच्या मोठ्या वेढ्याचं उघडं भोक, तुमच्याकडे. तोंड उजव्या हाताला आलं तर तो बहुसंख्य गोगलगायींसारखा उजवा शंख. डाव्या हाताला आलं तर डावा, आणि फायसा डावीच असते. शिवाय तिचा शेवटचा वेढा बाकी सगळ्या वेढ्यांपेक्षा कितीतरी मोठा, फुगीर असतो. वरचे वेढे त्याच्या डोक्यावर लहानशा शेंडीसारखे बसलेले दिसतात.

इथे दोन ठिकाणी चकवा बसतो. पहिला मोबाइलचा. पुढच्या, सेल्फीच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो बऱ्याच फोनमध्ये आरशासारखा उलटा साठवला जातो, म्हणून डावं-उजवं फोटोवरून ठरवूच नका. तुमच्या दुसऱ्या फोटोत तोंड डावीकडे दिसतंय, तिसऱ्यात उजवीकडे, आणि मला शंका आहे ती ह्याच कारणाची. दुसरा चकवा दगडाचा. चीप फुटते तेव्हा एका तुकड्यावर शंख राहतो आणि समोरच्या तुकड्यावर त्याचा पोकळ ठसा. ठशात वेढ्यांची दिशा उलटी दिसते. त्यामुळे आधी बोट फिरवून बघा, उंचवटा आहे की खळगा. खळगा असेल तर त्यात थोडी ओली शाडू दाबून साचा काढा आणि तो तपासा.

आता दगडाबद्दल, कारण शंखाच्या आकाराइतकाच भरवसा मी दगडावर ठेवतो. तुमच्या वर्णनातला राखाडी थर चर्ट असावा, म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. त्याच्या धारेने काचेच्या बाटलीवर ओरखडा उठतो आणि लिंबू पिळलं तरी फेस येत नाही. फेस आला तर ते चुनखडी आहे, आणि माझं अनुमान नव्याने करावं लागेल. वरचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि दख्खनचा हा लाव्हा एका दमात ओतला गेला नाही. दोन प्रवाहांच्या मधे खंड पडायचा, त्या काळात खोलगट जागी तळी साचायची, त्यांत गोगलगायी, शिंपले, शेवाळ वाढायचं. मग पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकायचा. गाळात सिलिका मुरली, शंखाची जागाही तिनेच घेतली. वय सुमारे ६.६ कोटी वर्षं, डायनोसॉरांच्या शेवटच्या दिवसांच्या आसपासचं.

म्हणून चुलतभावाचा समुद्र इथे बसत नाही. आजीलाही सांगा, शाळिग्राम म्हणजे नेपाळातल्या काळी गंडकीच्या काळ्या दगडातले अमोनाइट, म्हणजे नामशेष झालेल्या शंखधारी प्राण्यांचे जीवाश्म, ते खरोखरच समुद्रातले. त्यांचे वेढे एकाच पातळीत, घड्याळाच्या स्प्रिंगसारखे. तुमचा वर चढत जातो.

शंख दगडातून सुटा झाला असता तर मी एवढ्या खात्रीने बोललो नसतो. शेतात आजच्या गोगलगायींचे उन्हाने पांढरे पडलेले कवच ढिगाने मिळतात, पण ते हलके, पोकळ आणि व्हिनेगरमध्ये फसफसतात. आणि चर्टमध्ये नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली तर हुरळून जाऊ नका, बहुतेकदा ती मँगनीजची असते, वनस्पती नव्हे.

ह्या शंखाचं शास्त्रीय वर्णन १८४० मध्येच झालं होतं. पुढे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टाकळीसारख्या ठिकाणांहून असे जीवाश्म गोळा केले. टाकळघाटच्या शिळावर्तुळांचं उत्खनन पाहून परतताना १८६३ मध्ये ते पुरात बुडून गेले. नागपुरात हिस्लॉप कॉलेज म्हटलं की लोकांना कॉलेजच आठवतं, माणूस नाही.

किमतीचं स्पष्ट सांगतो: बाजारात ह्याला काही मिळणार नाही, सर्रास सापडणारी वस्तू आहे. पण विहिरीतून निघालेला थर फार मोलाचा. अशाच चर्टमध्ये छिंदवाड्याजवळ मोहगाव कलानला फळं, बिया, लाकूड मिळालं आणि वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनी यांनी त्यावर काम केलं. विहिरीतून निघालेल्या दगडमातीचा ढीग बांधावर किंवा रस्त्यावर पडायच्या आत राखाडी थराचे दहा-बारा तुकडे बाजूला काढा. प्रत्येकावर मार्करने खोली लिहा, खाली-वर कुठला पाषाण होता तेही वहीत टिपा. पाण्याने ओले करून भिंगाने पाहा, मोहरीपेक्षा बारीक, पीळ पडल्यासारखे गोळे दिसले तर ते कॅरा नावाच्या शैवालाचे बीजासारखे अवशेष. तेल किंवा वॉर्निश लावू नका, फोटोत चमकतं पण पुढचा अभ्यास बिघडतो. हातोडीने फोडणार असाल तर डोळ्यांवर चष्मा हवाच, चर्टची चीप ब्लेडसारखी उडते.

शंखाची उंची मोजून, शेजारी पट्टी ठेवून, मागच्या कॅमेऱ्याने तीन बाजूंनी फोटो टाका. सोबत फुटलेल्या कडेचा एक जवळून. तुकडे घेऊन नागपूर विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात गेलात तर तिथली मंडळी खोलीचा आकडा आधी विचारतील, तो सोबत असू द्या.